पंडिता रमाबाई आणि कामाची शाळा



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या कुरखेडा परिसरात घरोघरी फॉर्म भरण्याची धावपळ सुरू होते. कोणी आयटीआयला अर्ज करतो, कोणी कौशल्य विकासाच्या शिबिरात नाव देतो, कोणाला वडशाहून गाडीत बसवून दूरच्या शहरात प्रशिक्षणाला नेले जाते. त्या कागदांवर बरेच शब्द असतात : समुपदेशन, पायाभूत कौशल्य, पूर्वकौशल्य मान्यता, शिकाऊ उमेदवारी, ऑन जॉब ट्रेनिंग, विद्यावेतन, प्रमाणपत्र, प्लेसमेंट. मुले हे शब्द बोलून दाखवतात, आईवडील खाली सही करतात किंवा अंगठा देतात. पण त्या शब्दात आपल्याला काय मिळणार आहे आणि काय मिळणार नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. पुढे मुलगा किंवा मुलगी चार महिन्यांत परत आली की दोष तिच्यावरच येतो.

म्हणून या रविवारी आम्ही एका स्त्रीचे चरित्र सांगणार आहोत. हे सरकारी शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी तिने महाराष्ट्रात ही सगळी कामे करून दाखवली होती. त्या म्हणजे पंडिता रमाबाई. त्या आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, हे आम्हाला ठाऊक आहे. पण इतर ख्रिस्ती बंधुभगिनींमध्ये प्रभूने जे चांगले पेरले आहे ते आनंदाने मान्य करावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तैक्यावरील आदेशात आपल्याला शिकवले आहे. त्याच भावनेने हे चरित्र वाचावे.

रानात वाढलेली, दुष्काळात पोळलेली

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असे मानण्याच्या त्या काळात त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकवले. त्यावरून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला. पुढे लक्ष्मीबाईंनी तीच विद्या आपल्या लहान मुलीला दिली. रमाबाई कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. आईजवळ बसून ऐकत आणि पाठ करत त्या शिकल्या.

हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत गावोगाव फिरत असे. १८७० च्या दशकात दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. जवळचे होते नव्हते ते संपले. आधी वडील, मग आई, मग बहीण असे एकामागून एक गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास हे दोघेच उरले. उपाशीपोटी, पायी चालत त्यांनी देशाचा मोठा भाग पालथा घातला आणि १८७८ साली ती भावंडे कलकत्त्यास पोहोचली.

तेथे एक नवल घडले. या मुलीजवळ ना शाळेचा दाखला होता, ना कोणती पदवी. कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला समोर बसवून तिचे संस्कृत पारखले आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. आज योजनेच्या कागदावर 'पूर्वकौशल्य मान्यता' असा शब्द असतो, त्याचा अर्थ हाच आहे. एखादा माणूस वर्गात न शिकता, घरी किंवा कामावर एखादी विद्या शिकलेला असतो. त्याची परीक्षा घेऊन त्याला जे येते त्याचा दाखला द्यायचा, पुन्हा पहिल्यापासून शिकायला लावायचे नाही. आपल्याकडे बांबूचे काम करणारे, गवंडीकाम करणारे, शिवणकाम करणाऱ्या कितीतरी जणी आहेत. त्यांच्या हातात वीस वर्षांची कला आहे, पण कागद नाही. अशांनी या शब्दाची चौकशी अवश्य करावी.

डॉक्टर व्हायचे होते

१८८० साली भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीची बंधने मोडून लग्न केले. १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. पण संसाराची दोन वर्षेही पुरी झाली नाहीत. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. चोविसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या, कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती आणि माहेर उरले नव्हते.

त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. मुलींना शिकवायला प्रशिक्षित शिक्षिका हव्यात आणि बायकांवर उपचार करायला स्त्री डॉक्टर हव्यात, अशी त्यांची मागणी होती. मुलींना शिकवा एवढेच सांगून त्या थांबल्या नाहीत. शिकून कोणते काम करायचे, तेही त्यांनी सांगितले. गावात कोणत्या कामाची माणसे कमी आहेत हे आधी पाहावे आणि मग त्या कामाचे शिक्षण द्यावे, यालाच आज कौशल्याची मागणी ओळखणे असे म्हणतात.

स्वतः डॉक्टर व्हावे या इच्छेने, आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून पैसे उभे करून, १८८३ साली त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथे अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींनी स्नानसंस्कार घेतला. परंतु डॉक्टर होण्याचे स्वप्न तेथे संपले. त्यांना कानाने कमी ऐकू येत असे, आणि त्यामुळे वैद्यकीय शिक्षण घेणे शक्य नव्हते.

इतक्या लांब येऊन दार बंद झालेले पाहिले असते तर आपल्यापैकी कोणीही खचला असता. रमाबाईंनी दुसरा रस्ता धरला. आपल्याला शिकवता येते हे त्यांनी ओळखले आणि शिक्षणाचा मार्ग घेतला. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या स्वतः गणित आणि विज्ञान शिकत आणि त्याच वेळी तेथे संस्कृत शिकवत. कमवा आणि शिका हे त्यांनी असे आचरले.

प्रशिक्षणाच्या कागदावर पहिला शब्द असतो 'समुपदेशन'. उमेदवाराची आवड काय, शरीर काय झेपेल, घरची परिस्थिती कशी, गावापासून किती दूर जाता येईल, हे त्याच्याशी शांतपणे बोलून ठरवणे म्हणजे समुपदेशन. आपल्याकडे पुष्कळदा ते होतच नाही. मित्राने वीजतंत्रीला नाव घातले म्हणून यानेही घातले, जागा शिल्लक होती म्हणून मुलीला एखाद्या ट्रेडला बसवले, असे चालते. डोळा कमजोर असलेल्या मुलाला संधात्याच्या, म्हणजे वेल्डिंगच्या कामाला घालणे हे त्याचे नुकसान आहे. नाव देण्याआधी एक दिवस बसून बोलावे. तेवढ्याने दोन वर्षे वाचतील.

शारदा सदन

१८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांच्या पदवीदान समारंभाला रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. तेथे त्यांनी बालवाडी पद्धतीचे शिक्षण घेतले. भारतातल्या उच्चवर्णीय विधवांची स्थिती सांगणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले. जागोजागी व्याख्याने देऊन त्यांनी मदत गोळा केली. बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे खर्च उचलण्याचे वचन दिले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ 'शारदा सदन' सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. बालविधवांना आसरा देणाऱ्या या घरात लिहिणे, वाचणे, हिशेब, शिवण आणि शिक्षिकेचे काम शिकवले जाई. सदनात आलेल्या पहिल्या विधवांपैकी गोदूबाई हिचे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झाले. याच कर्व्यांनी पुढे विधवांसाठी आश्रम काढला आणि महिला विद्यापीठ उभारले.

कागदावर ज्याला 'पायाभूत कौशल्य' म्हणतात ते हेच. हातात अवजार देण्याआधी माणसाला वाचता आले पाहिजे, माप घेता आले पाहिजे, मजुरीचा हिशेब करता आला पाहिजे आणि अनोळखी माणसाशी न घाबरता बोलता आले पाहिजे. आपल्या माडिया-गोंडी बोलणाऱ्या मुलांना शहरात पहिली अडचण येते ती यंत्राची नसते, भाषेची असते. म्हणून शिबिरातील भाषेचा आणि संगणकाचा तास फुकटचा समजून बुडवू नये.

मध्य प्रांताचा दुष्काळ आणि केडगाव

बोस्टनचे दहा वर्षांचे वचन कधीतरी संपणार हे रमाबाईंना दिसत होते. म्हणून त्यांनी पुणे जिल्ह्यात केडगाव येथे जमीन घेतली. फळबाग लावावी आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालावे, असा त्यांचा बेत होता.

तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे अन्नावाचून मरत होती. आपला आजचा गडचिरोली जिल्हा तेव्हा चांदा जिल्ह्यात होता आणि चांदा जिल्हा मध्य प्रांतात. म्हणजे ही कथा आपल्याच प्रांताची आहे. रमाबाई मध्य प्रांतात आल्या. त्यांनी दुष्काळी कामे पाहिली, अनाथ मुलींचे हाल पाहिले. त्या मुलींमध्ये त्यांना वीस वर्षांपूर्वीची उपाशी रमा दिसली असावी. त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आपल्यासोबत नेल्या. पुण्यात प्लेग पसरला होता आणि शहरात त्यांना ठेवता येईना. मग केडगावच्या शेतावरच छपरे उभी राहिली. त्या जागेचे नाव पडले 'मुक्ती'. १९०० च्या दुष्काळानंतर गुजरातकडूनही मुली आल्या आणि तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या तोंडांना नुसते जेवण घालायचे म्हटले तरी डोंगराएवढे काम. रमाबाईंनी त्या कामातूनच शाळा घडवली. विहिरी खणल्या गेल्या, शेती आणि भाजीपाला होऊ लागला. माग बसले, तेलघाणा आला, दुभती जनावरे आली. शिवणकाम, धुलाई, भाकरी-पावाची भट्टी, आजाऱ्यांची सेवा, मुलांना शिकवणे, अशी एकेक शाखा उभी राहिली. छापखाना आला तेव्हा मुलीच खिळे जुळवायला, छापायला आणि पुस्तके बांधायला शिकल्या. अंध मुलींसाठी मनोरमेने ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू केले आणि त्यांना हातकाम शिकवले. जे कापड विणले जाई ते अंगावर घालायचे असे, जे पीक निघे ते पानात वाढले जाई. काम शिकायची जागा आणि काम करायची जागा एकच होती. 'ऑन जॉब ट्रेनिंग' म्हणतात ते हे. फळ्यावर चित्र काढून विणकाम येत नाही, मागावर बसावे लागते.

शिकाऊ उमेदवारी म्हणजे काय?

येथे आपल्या एका संताची आठवण येते. संत जॉन बॉस्को हे १८४१ साली धर्मगुरू झाले आणि इटलीतील तुरीन शहरात गरीब कामकरी मुलांमध्ये राहिले. गवंडी, सुतार, काचकाम करणारे मालक या पोरांना शिकवण्याच्या नावाखाली राबवून घेत, मारहाण करत. फादर बॉस्को मालकाकडे जात आणि लेखी करार करून घेत. १८५१-५२ सालचे असे करार आजही जपलेले आहेत. मालकाने धंदा शिकवावा, घरगड्याची कामे सांगू नयेत, हात उगारू नये, सणावारी सुट्टी द्यावी, ठरलेला मेहनताना द्यावा, अशी कलमे त्यात होती. पुढे १८५३ पासून त्यांनी स्वतःच्याच आवारात चांभारकाम आणि शिवणकामाच्या कार्यशाळा काढल्या, नंतर पुस्तकबांधणी, सुतारकाम आणि छपाई सुरू केली.

आपल्या देशात यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. शिकाऊ उमेदवार हा कामगार नसतो, तो शिकणारा असतो. त्याचा कंपनीशी लेखी करार होतो आणि तो नोंदवला जातो. उमेदवार अठरा वर्षांखालील असेल तर पालकाची सही लागते. त्याला मिळतो तो पगार नसतो, ते 'विद्यावेतन' असते. मुदत संपल्यावर त्याच कंपनीने नोकरी दिलीच पाहिजे असे नाही. हे आधी माहीत नसले की मुदत संपल्यावर फसवणूक झाली असे वाटते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविका झालेल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये ठरवले गेले, ते विद्यावेतन म्हणूनच आणि ठरावीक मुदतीपुरते. ही रक्कम म्हणजे कायमची नोकरी नव्हे. त्यावर भरवसा ठेवून कर्ज काढू नये.

प्लेसमेंट आणि त्यानंतर

मुक्तीतून बाहेर पडलेल्या स्त्रिया शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, वसतिगृहे सांभाळू लागल्या. काहींनी संसार थाटले. पुष्कळ जणी तेथेच राहून नव्या आलेल्या मुलींना शिकवू लागल्या. 'प्लेसमेंट' म्हणजे शिकलेल्याला काम मिळवून देणे. २०१४ साली सुरू झालेल्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत तर शिकवलेल्यांपैकी किमान ७० टक्के उमेदवारांना कामाला लावण्याची अट संस्थेवर घातली गेली. पण पहिल्या दिवशी कामावर हजर होणे आणि वर्षभर त्या कामावर टिकणे यात फरक आहे. शहरात खोलीचे भाडे किती, रात्रपाळी आहे का, मुलींच्या राहण्याची जागा सुरक्षित आहे का, आजारी पडल्यास कोणाला हाक मारायची, हे विचारायचा हक्क आईवडिलांना आहे.

आणि ज्यांना काम झेपत नाही त्यांचे काय? रमाबाईंनी त्यांना वजा केले नाही. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी 'कृपा सदन' ठेवले, वृद्धांसाठी 'प्रीती सदन' ठेवले. प्रशिक्षणाच्या यादीतून गळालेली मुलगी त्यांच्या घरातून गळत नव्हती.

त्यांच्यावरील आक्षेप

हे चरित्र सांगताना एक गोष्ट झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. १८९३ साली शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढले जाते असा आरोप झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे होते की त्या कोणावर सक्ती करत नाहीत, पण आपली प्रार्थना दार लावूनही करत नाहीत. पुढे केडगावी मात्र मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली. भाकरी देताना श्रद्धा मोकळी राहिली पाहिजे, याविषयी आपली ख्रिस्तसभा आज स्पष्ट आहे : विश्वास कोणावर लादता येत नाही. आपण ज्या गावांत राहतो तेथे आपले शेजारी वेगवेगळ्या श्रद्धांचे आहेत. आपल्या शिवणवर्गात किंवा अभ्यासिकेत कोणतीही मुलगी आली तरी तिला शिकवायचे आणि त्या बदल्यात काही मागायचे नाही, हा धडा आम्ही या वादातून घेतो.

अखेरची वर्षे

रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे बायबलच्या भाषांतरात घालवली. साध्या, बायकांना सहज कळेल अशा मराठीत ते व्हावे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. त्याचे खिळे मुक्तीच्या मुलींनी जुळवले. ज्यांना दुष्काळात रस्त्यावरून उचलून आणले होते, अशांच्या हातून देवाचे वचन छापले गेले. १९१९ साली सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमा वारली. संस्था जिच्या हाती सोपवायची तीच गेली. आईने ते दुःख गिळून भाषांतराचे काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. केडगावची संस्था आजही चालू आहे.

आपल्यासाठी

प्रभू येशूने नाझरेथमध्ये संत जोसेफजवळ सुतारकाम शिकून घेतले, तीही एक उमेदवारीच होती. हात काळे करणाऱ्या कामाला आपण कमी लेखू नये. तेंदूपानाचा हंगाम आणि धानाची कापणी यांपलीकडे आपल्या मुलांना काही मिळावे असे वाटत असेल, तर फॉर्मवर सही करण्याआधी पाच प्रश्न विचारूया : हे काम माझ्या मुलाला झेपेल का? किती दिवस शिकवणार? विद्यावेतन किती आणि कोणत्या खात्यात? प्रमाणपत्र कोणाचे? काम कोठे आणि राहायची सोय काय? उत्तर कळले नाही तर पुन्हा विचारावे. ज्यांना वाचता येते त्यांनी मिस्सानंतर पाच मिनिटे थांबून शेजाऱ्याचा कागद वाचून द्यावा. हीदेखील सेवाच आहे.

हे प्रभो, आमच्या तरुण मुलामुलींच्या हातांना प्रामाणिक काम दे. घरापासून दूर शिकायला गेलेल्यांचे रक्षण कर. काम न मिळाल्यामुळे खचलेल्यांना धीर दे, आणि त्यांना परत येण्यासाठी आमची घरे उघडी ठेव. आमेन.